मावशींचं एक मत

निकाल लागला आणि बाजारातल्या शिंपीणमावशींचा भाव एकदम वधारला. नगरपालिकेच्या एकवीस जागांपैकी दहा ठेकेदारांच्या पक्षाला, दहा वकीलसाहेबांच्या, आणि उरलेली एक मावशींची! त्यांचा पक्ष तो केवढा? अध्यक्ष म्हणजे निवृत्त मास्तर, कार्यालय म्हणजे मास्तरांची पुढची खोली, आणि सभासद मोजून अकरा. पण मावशींचा हात वर झाल्याशिवाय कुणाचाच नगराध्यक्ष होत नव्हता. म्हणून दोन्हीकडचे पुढारी त्यांच्या शिलाई मशीनपुढे हात जोडून उभे होते.

"उपाध्यक्षपद घ्या, मावशी," ठेकेदार म्हणाले.

"आम्ही वर गाडीही देतो," वकीलसाहेबांनी वरताण केली.

शेजारी बसलेल्या मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं. मावशी मात्र मान खाली घालून बाही जोडत होत्या. त्यांना एकच गोष्ट हवी होती. बाजारात बसणाऱ्या साठ बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. त्यापायी बावीस वर्षं मावशी दिवसभर घोटभर पाणीही प्यायच्या नाहीत, दोनदा दवाखान्यात पडल्या होत्या. त्याचा त्यांना भयंकर राग होता.

"बायकांसाठी स्वच्छतागृह हवं," त्या म्हणाल्या.

"एवढंच ना? दिलं!" दोघे एकदमच बोलले.

"नुसतं दिलं म्हणून चालणार नाही, सोमवारच्या मतदानाआधी बांधा. गिऱ्हाइकाने अंगात घालून बघितल्याशिवाय मी शेवटची टीप मारत नाही. नळाला पाणी हवं, दाराला आतून कडी हवी. मी स्वतः आत जाऊन बघणार."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अहो, सत्ता दारात आलीय आणि तुम्ही संडास मागताय!"

"तुम्ही बसा बरं एकदा बाजारात दिवसभर!"



बुधवारी ठेकेदारांचे गवंडी आले. ते कळताच वकीलसाहेबांनी नळवाले धाडले. श्रेय एकट्या ठेकेदाराला कसं घेऊ देतील? दोघे पुढारी भर उन्हात समोरासमोर तावातावाने भांडले, मग घसा कोरडा पडल्यावर एकाच टपरीवर चहा प्यायले. शनिवारी बघावं तर एकमेकांच्या खांद्यावर हात! मावशींच्या मनात पाल चुकचुकली. पण दोघांचा एकमेकांवर पुरता भरवसा नव्हता, त्यामुळे काम कुणीच थांबवलं नाही.

रविवारी मावशी आत गेल्या, कडी लावली, नळ सोडला. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

सोमवारी मात्र त्या दोघांनी मावशींच्या हातावर तुरी दिल्या. ठेकेदार अध्यक्ष, वकीलसाहेब उपाध्यक्ष, वीसच्या वीस मतं एकीकडे. मावशींचा हात वर गेला काय नि खाली राहिला काय, कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

"ना पद, ना गाडी," मास्तर रस्ताभर हळहळत होते. "फसवलं हो आपल्याला!"

"फसवलं खरं," मावशी खो-खो हसल्या, "पण एक दिवस उशिरा. आता भिंती काय उचलून नेणार आहेत?"

मास्तरांच्या दाराशी पोचतात तो काय, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत बायकांची रांग! मास्तरांना वाटलं, आपल्यावर मोर्चाच आला.

"पक्षात यायचंय," रांगेत पहिली उभी असलेली मासळीवाली म्हणाली. "आमच्या गल्लीत दिवे नाहीत."

मास्तर धावत आत गेले आणि कपाट उपसून बाहेर आले. कोरे अर्ज निघाले नऊ.

"वहीची पानं फाडा," मावशी म्हणाल्या. "आणि मास्तर, पुढच्या वेळी एका जागेवर भागवायचं नाही."