मानाजीच्या अंगातली देवी

सोयाबीन कापणीला आलं आणि मानाजी एका जागी बसेनासा झाला. पानावरून दोन घास खाऊन उठायचा, अंगणात फेरी मारून यायचा, मग चार पोळ्या फस्त करायचा. तरी पायजम्याची नाडी रोज बोटभर जास्त आवळावी लागे. हात थरथरत, छाती धडधडे, पहाटेच्या गारव्यातही हा उघडाच फिरे.

"जरा बूड टेका की. काय चकरी लागलीय?" बायको इंदिराबाई वैतागून म्हणाली.

अशात घट बसले. घरातला थोरला म्हणून पोथी वाचायचा मान मानाजीचा, आणि अध्याय संपेपर्यंत उठायचं नाही ही पूर्वजांनी दक्षिणेतून इकडे येताना आणलेली रीत. मानाजी पहिल्याच अध्यायात तीनदा उठला. चौथ्यांदा थरथरत्या हातातून पोथीच निसटली. शेजारच्या यमुनाबाईनं हात जोडले आणि देवी आली म्हणून सांगितलं.

मानाजीला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. पण साठ वर्षांत त्याचं घरातसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं, आणि आता अर्धं गाव पाया पडत होतं. तो अंगारा द्यायला लागला. गावातल्या मालोजीनं विचारलं, "मानाजीभिया, पाणी कधी पडणार?" देवीनं थरथरत सांगितलं, आठ दिवस नाही, खुशाल कापा. पाया सगळे पडले, सोयाबीन मात्र एकट्या मानाजीनं कापलं. तिसऱ्या दिवशी पाऊस कोसळला आणि त्याचं दोन बिघे पीक शेतातच काळं पडलं. देवी फक्त मानाजीवर कोपली, असा गावानं अर्थ काढला.

दसऱ्याला नात ईशानी आली. ती इंदूरला नर्स. तिनं पाया पडायच्या आधी मनगट धरलं, घड्याळात बघून ठोके मोजले, गळा चाचपला आणि आजोबाला बागलीला दवाखान्यात नेलं. रक्त तपासल्यावर कळलं की गळ्यातली थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती. औषध टाळलं तर हृदयावर जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

"म्हणजे आपल्या घरात जास्त काम करणारं एवढंच निघालं," मानाजी खट्टू होऊन म्हणाला.

गहू गुडघ्याला लागेपर्यंत औषधानं त्याचे हात स्थिर झाले, जेवणही एका बैठकीत उरकायला लागलं. अंगारा मागणारे हळूहळू बंद झाले. त्याला थोडं वाईटच वाटलं.

मग एक दिवस यमुनाबाई आली. श्रावणात तिचा नवरा तुकाराम गेला, तेव्हापासून तिला झोप नव्हती. दिवसभर घरातून अंगणात, अंगणातून घरात करायची, तव्यावरची पोळी तशीच सोडून उठायची. मनाच्या आजारातही अशी तगमग होते, दाखवून घे, असं ईशानीनं तिला सांगून पाहिलं होतं.

"तिथं पागल जातात. मला अंगारा द्या," यमुनाबाई म्हणाली.

मानाजीनं आपल्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर शांत पडले होते. त्यानं डोळे मिटले आणि हात हलवायला घेतले. तेव्हा थांबत नव्हते, आता हलता हलेनात. खांद्यापासून जोर लावला तेव्हा कुठे जरा थरथरले.

"यमुने, उद्या बागलीला जा. डॉक्टरीणबाईंना सगळं सांग. औषध दिलं तर मधेच सोडू नको. देवीचा हुकूम आहे."

यमुनाबाई पाया पडली. जाते म्हणाली.

ती फाटकाबाहेर गेल्यावर इंदिराबाईनं चहाचा कप त्याच्या पुढ्यात ठेवला. "उद्या मोटारसायकलवर नेऊन सोडा तिला," ती म्हणाली. "आणि हात फार वाईट हलवता हो. आजारी होता तेव्हा बरे हलायचे."