मानसिंग मोटर ट्रेनिंग स्कूल

“आता न्याचं ते बेगीनं तरी न्या म्हनावं. हितं माझ्या मांडीवर भात सांडायला लागलाय,” मागच्या सीटवरून सुमित्राबाई पुटपुटल्या. पुटपुटणं असं, की पुढच्या दोघींना नीट ऐकू जावं.

कळंबोलीच्या सिग्नलचा आकडा एकशे दहावर होता. ज्ञानेश्वरीने गाडी पट्ट्याच्या अलीकडे थांबवली, न्यूट्रल केली आणि बापाने शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. शेजारी तिची आई, शालन, पदराचं टोक चुरगाळत होती. मानसिंगचा आज दहावा. पनवेलला नदीवर भटजींनी दहाची वेळ दिली होती आणि दहा तर इथेच वाजून गेले होते.

मानसिंग एके काळी ड्रॅग रेसचा ड्रायव्हर होता. हौशी नाही, धंद्याने. अंगभर ऑइल कंपनीचे स्टिकर, विमानाची रिकामी धावपट्टी आणि सरळ चारशे दोन मीटर. वळण नाही, मागे बघणं नाही, दहा सेकंदांत खेळ खलास. मग कंपनीने हात आखडला आणि त्याने ड्रायव्हिंग स्कूल काढलं. पुढची अठरा वर्षं तो कळंबोलीतल्या सुनांना आणि रिटायर्ड लोकांना ताशी वीसच्या वेगाने फिरवत राहिला. कुणी जरा पाय दाबला की म्हणायचा, “मॅडम, वरात चुकतीय का कुठली?” पण खरा ओरडायचा तो लाल दिव्यावरून. रेसमध्ये हिरव्याच्या आधी चाक हललं की ड्रायव्हर बाद. मग तो सगळ्यांच्या पुढे पोचला तरी बाद. एका फायनलला तो स्वतः असा बाद झाला होता. ती हकिगत ऐकल्याशिवाय त्याच्या गाडीत कुणाला किल्ली मिळत नसे.

अठ्ठ्याऐंशी.

“त्या दिशीबी ह्योच हुता का गं?” सुमित्राबाईंनी विचारलं.

ज्ञानेश्वरीने वरचा आरसा सरळ केला.

“न्हाई, आपलं इचारलं. डॉक्टर म्हनला म्हनं, पाच मिन्टं आधी आनलं असतं तर...”

“आत्या, पाणी देऊ का?”

“पानी नगं. माझा भाऊ हवा हुता.”

दहा दिवस हेच चाललं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘बरोबर कोण होतं?’ विचारी आणि ‘गाडी पोरगी चालवत होती’ कळलं की चहाच्या कपात बघत बसे. छातीत कळ आलेल्या बापाला घेऊन निघालेली मुलगी सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर तीन लाल दिव्यांना थांबली, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. सिग्नल हा शब्द मात्र कुणी तोंडातून काढत नव्हतं. ज्ञानेश्वरी गप्प होती. ती गप्प म्हणून शालनही गप्प.

एक्केचाळीस. मागच्या ट्रेलरने उगाच हॉर्न दिला.

“पर मी म्हनते, सख्ख्या बापाला घिऊन कोन थांबतं? जनावरबी...”

“वन्सं, पुरे.”

“माझं तोंड नगं दाबूस, शालन. आज पिंडापुढं, सगळ्या भावकीसमोर हिनं कबूल करावं, माझ्यामुळं झालं म्हनून. त्याबिगार कावळा शिवायचा न्हाई, लिहून घे.”

“करीन,” ज्ञानेश्वरी म्हणाली.

आवाज इतका सपाट होता की शालनने मान वळवून बघितलं. चोवीस वर्षांची पोर समोरच्या आकड्याकडे बघत होती. “करीन मी कबूल, आत्या. तुम्ही शांत व्हा.”

भावकीसमोर एकदा म्हटलं की ते जन्माचं झालं. तिच्या लग्नात, तिच्या बाळंतपणात, कुणाच्याही बाराव्याला निघालं असतं. शालनने पायांकडे पाहिलं. शिकवणाऱ्यासाठी त्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते. घरातून निघाल्यापासून तिने पाय सीटखाली ओढून धरले होते, त्यांना शिवायला नको म्हणून.

नऊ. आठ.

“ब्रेक हिनं दाबलाच नाही, वन्सं,” ती म्हणाली. “ही पहिलाच सिग्नल तोडत होती. तुमचे भाऊ इथं बसले होते, माझ्या जागी. त्यांनी दाबला. तिन्ही ठिकाणी. सांगितलं तर लोक हसतील त्यांना, म्हणून पोर दहा दिवस ऐकून घेतीय, आन्‌ मी घेऊ देतीय.”

मागे भाताचं भांडं वाजलं.

“तिसऱ्याला हिरवा झाला, तरी गाडी हलेना. मी मागनं उतरले, पुढचं दार उघडलं आन्‌ त्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला.”