दुसरं गिऱ्हाईक

"मामा, चेहरा जरा कडक ठेवा. मागच्या वेळी हसलात तुम्ही," दलाल जिन्यातच कुजबुजला आणि त्यानं मामांच्या हातात दाखवण्यापुरती गाडीची किल्ली कोंबली. गाडी कुणाची, देव जाणे. मामांना चालवता कुठे येत होती!

काम तसं सोपं. खरं गिऱ्हाईक घर बघत असताना आपण दुसरं गिऱ्हाईक बनून आत शिरायचं आणि 'मला हेच हवंय' म्हणून घाई करायची. निवृत्त कारकुनाला या वयात दुसरं कोण काम देणार? घरी मुलाला आणि सुनेला त्यांनी वाचनालयात जातो म्हणून सांगितलं होतं.

"नवरा-बायको आहेत, समोरच्या इमारतीतला असाच माळ्याचा लॉफ्ट बघून आलेत," दलाल म्हणाला. "तो की हा, असं चाललंय. तुम्ही आत आलात की काम फत्ते."

दार उघडंच होतं. उंच छताची एकच खोली, लोखंडी जिना आणि वर झोपायला माळा. माळ्यावरून बाईचा आवाज आला, "तिथला माळा ऐसपैस होता, पण काळोख किती! इथे उजेड तरी आहे. डोकं आपटेल, एवढंच."

"वाकून चालू गं. पण बाबांचं काय? खाली सोफा टाकला तरी..."

"त्यांना कशाला आणायचं इथे? राहतील की तिकडे. त्यांचं वाचनालय आहे ना."

हा तर सुनेचा आवाज! मागे फिरावं, तर दारात दलाल. तेवढ्यात दोघं जिना उतरून दाराजवळच समोर आली. सकाळी मित्राकडे जातो म्हणून निघालेला मुलगा, आणि वाचनालयात गेलेला बाप! मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलानं किल्लीकडे पाहिलं, दलालाकडे पाहिलं. काय ते त्याला कळलं.

"हे साहेबही याच घरावर अडून बसलेत," दलाल खुशीत म्हणाला. "आजच ठरवताहेत."

आता बोला! सुनेनं मान खाली घातली.

"काका," मुलगा म्हणाला, "तुम्ही... घेताय का हे?"

तो ओळख देत नव्हता. मामांना सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

"नाही. तुम्हीच घ्या," ते म्हणाले. "दोघांना पुरेल. फक्त माळा दुपारी फार तापतो. पंखा आधी लावून घ्या."

दलालानं डोळे वटारले. मामा दाराकडे वळले. मुलगा पटकन बाजूला झाला आणि अनोळखी म्हाताऱ्याला देतात तशी त्यानं त्यांना वाट दिली.