न घासलेला ट्रे

घासून घासून ठकुबाईचा अंगठा हुळहुळला, तरी ट्रेच्या कोपऱ्यांतलं काळं काही सुटेना. भट्टीत मटण भाजायचा स्टीलचा हा नवा कोरा ट्रे बोम्मसंद्राच्या कारखान्यातून येऊन जेमतेम दीड महिना झाला होता आणि दर रविवारी त्याच्या कडेनं हे असं डांबर बसायचं. तिनं आणखी थोडी राख घेतली आणि काथ्या दाबून फिरवला. पलीकडे स्वयंपाकी देवाप्पा मटण देणाऱ्या खाटकाच्या नावानं खडे फोडत होता.

त्याला कारणही होतं. जयनगरातल्या त्या जुन्या क्लबात रविवारी दुपारी मटण रोस्ट असे. म्हातारे सभासद आठवडाभर पथ्यपाणी सांभाळून त्याची वाट पाहत. आज सलग सहाव्या रविवारी ते अर्धवट खाल्लेलं परत आलं होतं. मग सेक्रेटरी त्रिविक्रम राव स्वतः आत आले. ते कधी आवाज चढवत नसत, म्हणूनच त्यांची धास्ती जास्त. पुढच्या रविवारी अध्यक्षांचे पाहुणे जेवायला आहेत, तेव्हाही असंच झालं तर एक तारखेपासून स्वयंपाकघर कंत्राटदाराकडे जाईल, एवढंच सांगून ते गेले. कंत्राटदार आपली माणसं घेऊन येतो, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. देवाप्पाच्या हातात कला होती, त्याला कुठंही काम मिळालं असतं. छप्पन्न वर्षांच्या भांडेवालीला कोण विचारणार?

ठकुबाई सव्वीस वर्षांपूर्वी इथं आली. नवरा क्लबाचा माळी होता, तो गेल्यावर क्लबानं तिला मोरीवर ठेवलं. तेव्हापासून तिनं मटण सोडलं होतं, त्यामुळे इथल्या रोस्टची चव तिला कधी कळलीच नाही. तिला कळायचं ते भांड्यावरून. बुडाला तपकिरी रस सारखा पसरलेला असला की आज हॉलमधून ताटं चाटूनपुसून येणार, हे ती घासायला बसण्याआधीच ओळखायची. तिच्या हातच्या भांड्यात तोंड पाहावं, असं वाढपी म्हणत. इतक्या वर्षांत तिच्या कामावर कुणी बोट ठेवलेलं नव्हतं आणि त्याचा तिला भारी अभिमान होता, तो ती लपवतही नसे.

जुने ट्रे जाड लोखंडाचे, बुटक्या काठांचे आणि काळेकुट्ट होते. लहान, मधला, मोठा असे तीन होते आणि प्रत्येकात एक जाळी होती. स्वयंपाकघराची रंगरंगोटी झाली तेव्हा पाहुण्यांना दाखवायला बरे दिसत नाहीत म्हणून ते माळ्यावर गेले. त्यांच्या जागी आलेले नवे ट्रे चकाचक होते, पण पातळ पत्र्याचे, वीतभर खोल आणि प्रत्येकात पोरगं झोपवता येईल एवढे मोठे.

बुधवारी तिनं विषय काढून पाहिला. ट्रे बकऱ्याच्या मांडीच्या मानानं फार मोठा आहे, म्हणाली, जुने काढून बघा की. देवाप्पा तिच्याच मुलखातला, रायबागकडचा, तिच्याशी मराठीतच बोलायचा, म्हणून तिला धीर झाला होता. त्यानं कांदा चिरता चिरता मानही वर केली नाही.

"अक्का, तू घासायचं बघ," तो म्हणाला. "मी तुला कधी घासायला शिकिवलं काय?"

ती मोरीपाशी परत आली आणि दिवसभर धुमसत राहिली.

शनिवारी देवाप्पानं रंगीत तालीम केली. वेगळ्या खाटकाकडून मांडी आणली, मसाला बदलला, आच कमी केली, भट्टीच्या दारापाशी पाटावर बसून राहिला. मांडी बाहेर आली ती वरून काळपट, बाजूंनी उकडल्यासारखी पांढरी. देवाप्पानं ती चाकरीच्या माणसांना वाटून टाकायला सांगितलं आणि तो निघून गेला. ट्रेकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. स्वयंपाक्याचं लक्ष मांसावर असतं, ट्रे सरळ मोरीत जातो.

ठकुबाईनं राख घेतली, काथ्या घेतला आणि तिचा हात थांबला. आपण काय करतोय हे तिच्या एकदम ध्यानात आलं. त्या ट्रेवर सगळं लिहिलेलं होतं आणि ती दर आठवड्याला ते पुसत होती. तिला स्वतःचाच राग आला. तिनं राख खाली टाकली, ट्रे तसाच उचलला आणि खिडकीखाली, देवाप्पाच्या टेबलावर, उजेडात नेऊन ठेवला. मग हात धुऊन ती घरी गेली.

रविवारी सकाळी ती आली तेव्हा टेबलापाशी देवाप्पाच्या आधी त्रिविक्रम राव उभे होते. पाहुण्यांच्या दिवशी ते पाहणीला येणार, हे ती साफ विसरली होती. हा ट्रे कुणी ठेवला, त्यांनी विचारलं. मी, ती म्हणाली. का घासला नाही? ठकुबाई गप्प राहिली. तिनं कारण सांगितलं असतं तर साहेबांनी चारचौघांत देवाप्पाला बोल लावला असता आणि मग त्यानं त्या ट्रेकडे कधीच नीट बघितलं नसतं. साहेबांनी इंग्रजीत चार ओळींचा मेमो लिहिला आणि शाईचा पॅड पुढे केला. तिला नाव लिहिता येतं का, हे क्लबात कधी कुणी विचारलंच नव्हतं. तिनं अंगठा उठवला. सव्वीस वर्षांत तिच्या फायलीत गेलेला हा पहिला ठपका होता आणि तिला तो फार लागला.

साहेब गेल्यावर देवाप्पा टेबलापाशी आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मला सांगायचं न्हाईस व्हय?" तो म्हणाला.

"सांगितलं की बुधवारी. आता डोळ्यांनी बघा, अण्णा. दीड महिना तुमचं करपलेलं मी पुसत आले. तुमाला दिसणार कुठनं?"

त्यानं पाहिलं. मधे मांडीच्या आकाराचा फिकट डाग होता आणि त्याच्या भोवती वीतभर काळी जळालेली पट्टी. रस मोकळ्या पत्र्यावर पसरून जळला होता, त्याचाच कडवट धूर मांसाला लागला होता. उंच काठांवर वाफेचे ओघळ सुकले होते. म्हणजे मांडीच्या बाजूंना आच पोचलीच नव्हती, त्या आपल्या वाफेत उकडल्या होत्या. देवाप्पानं ट्रे उजेडाकडे कलता केला. तीस वर्षं स्वयंपाक करत आला होता तो, त्याला जास्त सांगावं लागलं नाही.

"कुठला काढू?" त्यानं विचारलं.

"मधला. चारी बाजूंनी दोन बोटं जागा उरंल एवढा. आणि जाळी विसरू नका, मटण चरबीत बसवून ठेवू नका."

देवाप्पा स्वतः माळ्याच्या शिडीवर चढला.

दुपारी हॉलमधून ताटं आली ती हाडं सोडली तर रिकामी. मागोमाग आणखी आहे का, अशी विचारणा आली आणि मग अध्यक्षांनी देवाप्पालाच बाहेर बोलावलं. तो टोपी सारखी करून गेला. ठकुबाई मधला ट्रे घासायला बसली. रस इतका सारखा पसरला होता की दोनदा काथ्या फिरवताच ट्रे स्वच्छ झाला.

देवाप्पा परत आला तो त्रिविक्रम रावांना घेऊन. त्यानं बाहेर पाहुण्यांसमोरच सगळं सांगून टाकलं होतं, नव्या ट्रेचं आणि बुधवारच्या आपल्या उत्तराचंही. साहेबांच्या हातात सकाळचा कागद होता. हा विषय संपला, ते कन्नडमध्ये म्हणाले, आणि कागद फाडायला त्यांनी दोन्ही हातांत धरला.

ठकुबाई उठून उभी राहिली. ती त्यांच्याशी कन्नडमध्येच बोलली, पण सावकाश, शब्द जुळवत.

"फाडू नका, साहेब. भांडं मी घासलं न्हवतं, ते खरं हाय. पण का घासलं न्हाई, तेबी खाली लिहा."

खिशातलं पेन काढून साहेबांनी देवाप्पाच्या टेबलावर वाकून दोन ओळी लिहिल्या आणि तिला कन्नडमध्ये वाचून दाखवल्या. ट्रेमधला दोष स्वयंपाक्याला दिसावा म्हणून ठकुबाईंनी तो मुद्दाम तसाच ठेवला. हा दोष क्लबात फक्त त्यांच्याच लक्षात आला होता.

"अजून एकदा वाचा," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाचलं आणि तिच्या अंगठ्यासाठी शाईचा पॅड शोधायला खिशात हात घातला. ठकुबाईनं पदराला हात पुसून त्यांच्याकडे पेन मागितलं आणि त्या दोन ओळींखाली आपलं नाव मराठीत, एकेक अक्षर सुटं काढत, लिहिलं.