व्यवहारी गणित

मारित ट्वेट नववीत आली तेव्हाच सहा फूट होती. हात लांब, पाय लांब, आणि चेंडू एकदा हातात आला की तिच्याकडून काढून घेणं कुणाला जमायचं नाही. साउथ डकोटातल्या आमच्या गावाने वीस वर्षांत बास्केटबॉलच्या राज्यस्पर्धेचं तोंड पाहिलं नव्हतं. आमचा मुख्य प्रशिक्षक गेल हचेन्स पहिल्या सरावाला तिला बघतच राहिला आणि मला म्हणाला, "नीव्हा, आपले दिवस आले."

मी त्याची सहायक. सराव घ्यायचे, बस चालवायचे, मुलींच्या परीक्षेतल्या गुणांवर लक्ष ठेवायचे.

दहावीत मारितचं बीजगणित अडलं. नापास झाली असती तर ऐन हंगामात सहा आठवडे तिला न खेळता बाकावर बसावं लागलं असतं. गेलने तिला त्या वर्गातून काढून व्यवहारी गणितात घातलं. तिथे बिल कसं भरायचं, गाडीचा विमा कसा काढायचा एवढंच शिकवतात आणि सगळे पास होतात. पण ज्याला कॉलेजात खेळायचंय त्याच्यासाठी ठरलेल्या विषयांची यादी असते आणि त्या यादीत हा विषय धरत नाहीत. मी गेलला तसं सांगितलं.

"अजून अडीच वर्षं आहेत," तो म्हणाला. "बीजगणिताला बसवू की नंतर."

अकरावीत मी पुन्हा विषय काढला. बीजगणिताचा तास नेमका सरावाच्या वेळेला येत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत करेल, असं तो म्हणाला आणि सुट्टीत त्याने तिला चार राज्यांतल्या स्पर्धांना पाठवलं. त्या दौऱ्याचं वेळापत्रक मीच टाइप केलं. त्यानंतर मी बोलले नाही.

दर सप्टेंबरला गेल पालकांची सभा घ्यायचा. मूल कॉलेजात खेळावं असं वाटत असेल तर काय करायचं, कुणाला पत्र लिहायचं, खेळाची चित्रफीत कशी पाठवायची, सगळं सांगायचा. मारितचा बाप ओरिन धान्याच्या कोठारावर कामाला होता. तो तिथून थेट यायचा, कॉलरला भुसा तसाच, आणि शब्दन् शब्द वहीत उतरवून घ्यायचा. मुलीला त्याने एकट्यानेच वाढवलं होतं. एकदा त्याने चाचरत विचारलं, अभ्यासाचं काय बघायचं? गेलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ओरिन, तू पोरीला पोटभर जेवू घाल. बाकीचं आमच्यावर सोड."

बारावीत एका विद्यापीठाने मारितला पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली. शाळेच्या जिममध्ये तिने करारावर सही केली, केक कापला, ओरिनने नवा शर्ट घातला होता. मार्चमध्ये आम्ही राज्यस्पर्धा जिंकलो. अंतिम सामन्यात तिचे एकतीस गुण. गेलला गावाने मिरवणूक काढून आणलं.

जूनमध्ये पत्र आलं. गणिताचे विषय पुरे नाहीत, म्हणून मारित खेळायला अपात्र. विद्यापीठाच्या प्रशिक्षिकेचा फोन आला. ती चार मिनिटं फार प्रेमाने बोलली आणि पुढच्या आठवड्यात तिने ती जागा दुसऱ्या मुलीला दिली.

ओरिन शाळेत आला तेव्हा मी गेलच्या खोलीतच होते. गेलने विषय बदलल्याचा अर्ज आधीच काढून ठेवला होता.

"सही कुणाची आहे, बघ."

ओरिनने कागद जवळ ओढला; सही त्याचीच होती. "तुम्ही पाठवलात म्हणून केली."

"मग वाचायचा ना, बाबा."

जुलैत ओरिनच्या तक्रारीवरून प्रकरण शाळेच्या मंडळापुढे गेलं. ग्रंथालयात पाच जण बसले होते. मारित बापाशेजारी, गुडघे टेबलाखाली मावत नव्हते म्हणून वाकडी बसलेली. अध्यक्षांनी मला विचारलं, हा विषय धरला जात नाही हे तुम्हाला ठाऊक होतं का?

गेल दोन वर्षांनी निवृत्त होणार होता. त्याच्या जागी कुणाला घ्यायचं, ते तोच सांगणार होता.

"नाही," मी म्हणाले. "मला कल्पना नव्हती."

दहा मिनिटांत सगळं आटोपलं. शाळेचा दोष नाही, असं ठरलं. उठता उठता एक सभासद मारितला म्हणाला, "काय गं, बास्केट एवढी जमते, मग बेरीज-वजाबाकी का नाही जमत?" दोघे-तिघे हसले. गेलही हसला. मारितने हसायचा प्रयत्न केला. ओरिन नाही हसला.

ऑगस्टमध्ये आयोवातल्या दोन वर्षांच्या एका छोट्या कॉलेजच्या प्रशिक्षकाचा मला फोन आला. तिथे तिला प्रवेश मिळू शकत होता, तिथून पुढे विद्यापीठातही जाता आलं असतं. त्याला फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती: पोरगी आळशी आहे, की कुणाची चूक भोगतेय? खरं सांगितलं असतं तर मंडळापुढे खोटं बोलले, हे उघडं पडलं असतं.

"गुणी आहे," मी म्हणाले, "पण अभ्यासाकडे लक्ष नाही. आम्ही खूप प्रयत्न केले."

त्याने आभार मानले. तिला घेतलं नाही.

नोव्हेंबरात ती मला किराणा दुकानाबाहेर भेटली. टर्की पक्षी कापायच्या कारखान्यातून सुटून आली होती. पायांत रबरी बूट, बोटं गारठ्याने सुजलेली. मी नजर चुकवणार होते, पण तीच पुढे आली.

"आयोवाचे कोच म्हणाले, ते तुमच्याशी बोलले होते," ती म्हणाली. "जमलं नाही, पण थँक्यू, मॅडम. गावात तुम्हीच एकट्या माझ्या बाजूने बोललात."

तिने माझ्या दोन्ही पिशव्या उचलल्या, गाडीपर्यंत आणल्या आणि मागच्या सीटवर नीट लावून ठेवल्या. मी तिला ठेवू दिल्या.