डेल्फिनने गुंडाळलेला लॅपटॉप

रविवारी दुपारी तीन वाजता डेल्फिन गान्सोनने युफ्रोनियाच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप पालथा घातला आणि पहिला स्क्रू काढला. स्क्रू घरंगळत कपाटाखाली गेला.

“असू दे, तो शोभेचा असतो,” डेल्फिन म्हणाला.

हा लॅपटॉप युफ्रोनियाच्या बहिणीने दुबईहून पाठवलेल्या खोक्यातून, साबणाच्या वड्यांखाली दडपून आला होता. तोही तिने वापरून कंटाळल्यावर. तो चालू करून चुलीवर भात ठेवला तर भात आधी व्हायचा. तोवर त्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. पण युफ्रोनिया शिकवायची ती शाळा बंद पडली आणि सोमवारी सकाळी दहाला तिची ऑनलाइन चाचणी ठरली. पडद्यावर जपानमधला एक मुलगा, इंग्रजीचा धडा आणि गप्प बसून पाहणारी कंपनीची बाई. तास जमला तर नोकरी. दुसरी नोकरी सगळ्या इलोइलो शहरात तिला कुणी देऊ केली नव्हती.

मॉलमधल्या दुकानात तिने चौकशी केली होती. जुनी डिस्क काढून एसएसडी बसवायची, रॅम वाढवायची, संध्याकाळी घेऊन जायचं. ती निघालीही होती. नवऱ्याने, आर्तेमियोने, दारातच अडवलं.

“डेल्फिन असताना दुकानात?”

“दुकानातली माणसं हेच काम रोज करतात.”

“आणि त्याला कळलं तर? आपल्या पोरीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता आहे तो, म्हणजे माझा कुम्पारे. परक्याच्या हातात दिलंत म्हणून गल्लीभर ओरडत फिरेल. मी तोंड कुठे लपवू?”

डेल्फिनची विद्या एवढीच, की एकेकाळी त्याच्याकडे नाणं टाकून चालणारे तीन कॉम्प्युटर होते आणि शाळा बुडवणारी पोरं त्यांवर गेम खेळायची. धंदा बसला, ‘कॉम्प्युटरवाला’ ही पदवी उरली. त्याच्या हातून कायमच्या झोपलेल्या वस्तू गल्लीत घरोघरी आहेत. त्याबद्दल कुणी ब्र काढत नाही, कारण निम्म्या गल्लीचा तो कुम्पारे आहे.

“खोडरबर आहे का, कुमारे?” त्याने युफ्रोनियाला विचारलं. कुम्पारेने पोरीच्या आईला ‘कुमारे’ म्हणायचं असतं.

“कशाला?”

“रॅमचे दात घासायला.” रॅमच्या पट्टीची चकाकती टोकं पुसत स्वतःच्या विनोदावर तो एकटाच हसला.

आश्चर्य म्हणजे काम झालं. नवी डिस्क बसली, रॅम बसली, बटण दाबताच पडदा उजळला. आर्तेमियोने टाळ्या वाजवल्या.

“बोला आता! मॉलवाला काय वेगळं करणार होता?”

“स्क्रू परत लावला असता,” युफ्रोनिया म्हणाली.

“शिक्षिकेची जीभ!” डेल्फिन म्हणाला आणि दुसरी बिअर उघडली.

काम इथे संपायला हवं होतं. पण नव्या वस्तूवर प्लास्टिक नसेल तर ती नवी कसली? याच घरात फ्रिजच्या दारावर, रिमोटवर, सोफ्यावर कारखान्यातलं प्लास्टिक अजून तसंच आहे. डेल्फिनने पारदर्शक कागद काढला, लॅपटॉप वरून, खालून, कडांनी गुंडाळला आणि केस वाळवायच्या यंत्राने गरम करून घट्ट बसवला. हवेच्या जाळ्यासुद्धा बंद. युफ्रोनियाने त्यावरून बोट फिरवलं आणि ‘छान दिसतंय’ म्हणाली. सगळा दोष एकट्या डेल्फिनचा नाही.

सोमवारी मुलगा फळांची नावं सांगत होता. पंखा घोंघावू लागला आणि धडा अर्ध्यावर असताना पडदा काळा झाला. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. खालून हात लावला तर चटका बसला. तिला कळायचं ते कळलं. ती सुरी घेऊन आली.

“फाडू नकोस,” आर्तेमियो म्हणाला. “आधी त्याला विचारू. एवढ्या मायेने लावलंय.”

कंपनीने गुरुवारी सकाळी दहाची वेळ दिली आणि ही शेवटची, असंही कळवलं.

संध्याकाळी डेल्फिनने निदान केलं. “म्हाताऱ्याला एकदम तरुण केलं ना, झेपलं नाही त्याला. घरी नेतो. पंखा बदलला की बुधवारी आणून देतो.”

“प्लास्टिक काढलं तर?” युफ्रोनियाने विचारलं.

“प्लास्टिकने कधी काही बिघडतं का, कुमारे?”

तिने आणखी काही बोलायला तोंड उघडलं. आर्तेमियोने तिच्याकडे पाहिलं. तिने डेल्फिनला जाताना खायला नूडल्स बांधून दिल्या.

बुधवारी दुपारी डेल्फिनच्या दाराला कुलूप होतं. तो बायकोच्या गावी, समोरच्या गुइमारास बेटावर, जत्रेला गेल्याचं शेजारणीने सांगितलं. “लॅपटॉप? नेला की बरोबर. तिकडे कराओकेला हवा होता.”

फोन वाजत होता, तो उचलत नव्हता.

शेवटचं कळलं ते असं: युफ्रोनिया संध्याकाळच्या बोटीत बसली. आर्तेमियो धक्क्यावरून ओरडून सांगत होता, तिथे चारचौघांत त्याला काही बोलू नकोस. तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि सुरी घरातल्या खणात नव्हती.