आत्याबाईंचं मीठ

आत्याबाईंनी मला पहिल्यांदा ओळखलं नाही, तेव्हा मी देवापुढे दिवा लावत होते. मागून आवाज आला, "तू कोनी पोर शे, माय?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. माझ्या सासूबाई, झुंबरबाई, म्हणजे थट्टेत साऱ्या गल्लीचं तोंड बंद करणाऱ्या. पण वळून पाहिलं, तर डोळ्यांत थट्टा नव्हती. परक्या घरी आलेल्या बाईसारख्या त्या दाराशी संकोचून उभ्या होत्या.

"मी बेबा, आत्याबाई."

"बरं, बरं," म्हणाल्या आणि परसात जायचं सोडून रस्त्याकडे निघाल्या.

त्या दिवसापासून वाढतच गेलं. एरंडोलच्या बाजारातून एकटी येणारी बाई आपल्याच अंगणात चुकायला लागली. कपाशीच्या वावराचं नाव आठवेना. दुपारभर झोपून राहत, उठल्या की पाय लटपटत. शेजारच्या ताईबाई ओट्यावरून यांना, माझ्या नवऱ्याला, म्हणाल्या, "झुलालभाऊ, आता दोन पाळणे बांधा. एक तुमच्या लेकराला, एक तुमच्या मायला." बायका हसल्या. मी पदर पोटावरून पुढे ओढला.

मला सहावा महिना लागला होता. याआधी दोनदा पाचव्यातच सगळं संपलेलं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या दिवशी आत्याबाईंनी मला माजघरात बोलावलं, पद्मालयाच्या गणपतीच्या तसबिरीपुढे हात जोडले आणि म्हणाल्या, "याना पाळणा हालत नही तोपर्यंत माले मीठ नही." व्रत बोलून दाखवलं की त्याचं फळ जातं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून ते आम्हा दोघींतच राहिलं. त्यांची भाजी, त्यांची भाकरी मी वेगळी करायची. यांना वाटायचं, रक्तदाबासाठी आहे. गावच्या डॉक्टरांनी त्यासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू करताना मीठ कमी करा असं सांगितलंच होतं.

धुळ्याच्या दवाखान्यात तेव्हा मुंबईहून काही शास्त्रज्ञ डॉक्टर आले होते. म्हातारपणी माणसं का विसरतात, याचा ते खानदेशभर अभ्यास करत होते. एक नवं औषधही तपासून बघणार होते. हे म्हणाले, "घेऊन जाऊ. निदान काय आहे ते तरी कळेल." एसटीत आत्याबाई सगळा वेळ माझा हात घट्ट धरून बसल्या. कोणाचा हात धरलाय, ते त्यांना माहीत नव्हतं.

त्यांच्यातले डॉक्टर चौधरी मूळचे यावलकडचे, त्यामुळे आमची बोली त्यांना कळत होती. त्यांनी स्टूल जवळ ओढलं.

"आक्का, कोणता महिना चालू आहे?"

आत्याबाई माझ्याकडे बघायला लागल्या. बाराही महिन्यांचे सण बोटावर असलेल्या बाई.

"तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. घागर, केळ, दिवा." मग मुलंबाळं किती, जनावरं किती असं विचारून झाल्यावर ते म्हणाले, "आता ते तीन शब्द सांगा बरं."

"कोनता शब्द, भाऊ?"

पुढच्या खोलीत डोक्याला चिकट लेप लावून तारा जोडल्या. यंत्रातल्या पेना कागदावर नागमोडी रेघा काढत होत्या. डॉक्टर रेघांवरून बोट फिरवत म्हणाले, "मेंदूचं काम मंदावलंय. आमच्या अभ्यासात या बसतील असं वाटतं. पण औषध देण्याआधी रक्त बघावं लागेल."

"आणि तुमच्या औषधानंही नाही झालं तर?" यांनी विचारलं.

डॉक्टर तारा सोडवत राहिले. "मग सांभाळायचं," म्हणाले.

रक्ताचं कळायला आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला सरळ प्रयोगशाळेत नेलं. तिथे एका पेटीच्या काचेआड छोटीशी निळी ज्योत जळत होती. रक्तातलं पाणी बारीक नळीतून तिच्यात जायचं आणि ज्योत पिवळी व्हायची.

"हे पिवळं म्हणजे मीठ," डॉक्टर म्हणाले. "फरक डोळ्याला दिसत नाही, तो काटा सांगतो. तुमच्या आईंच्या रक्तात मीठ फार खाली गेलंय. मेंदूला ते सोसत नाही. असं कशानं झालं? त्या मीठ किती खातात?"

"कमी खाते," हे म्हणाले. "डॉक्टरांनीच सांगितलं होतं."

"कमी म्हणजे किती?" आता डॉक्टर माझ्याकडे बघत होते.

पोटावर हात गेला. बोलले तर व्रत गेलं. आणि व्रतामागे काय जाईल, हे मी दोनदा बघितलेलं होतं.

मी नुसतीच ज्योतीकडे बघत राहिले. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "बरं, बाहेर बसा. विचार करून सांगा."

बाहेर बाकावर आत्याबाई पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. यांना बघून म्हणाल्या, "भाऊ, मना झुलाल देखा का तुम्ही? शाळामाईन आना नही अजून."

"माय, मी झुलाल."

त्यांनी यांना खालून वरपर्यंत बघितलं. "थट्टा नका करू, भाऊ. तो लहान शे."

हे उठून खिडकीपाशी गेले. पाठमोरे उभे राहिले, पण खांदे हलत होते. मी उठले आणि परत आत गेले.

सगळं सांगितलं. सांगताना आवाज इतका खाली गेला की डॉक्टरांना वाकून ऐकावं लागलं. ते हसले नाहीत. डोळे मात्र उजळले. "म्हणजे मी शोधतोय तो आजार हा नाही. माझ्या अभ्यासाला यांचा काही उपयोग नाही, ताई, आणि त्याचा मला आनंद आहे. या बऱ्या होऊ शकतात. ती लघवीची गोळीही मीठ बाहेर टाकते, ती आजपासून बंद. पाणी बेतानं द्या. आणि मीठ सुरू करा."

"आणि माझं बाळ?"

त्यांनी त्या ज्योतीकडे बोट दाखवलं. "बाळाचा आणि त्यांच्या मिठाचा संबंध या यंत्रात दिसत नाही. तेवढंच मी सांगू शकतो."

सलाईन लावली, तर आत्याबाईंनी सुई उपसून टाकली. परत लावली, परत उपसली. त्या बाटलीतही मिठाचंच पाणी असतं हे कळल्यावर मला आशा वाटली होती, की जिभेला न लागता पोटात जाईल, व्रत राहील. तेही होईना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "घरी न्या. जेवणातूनच द्या, पण हळूहळू, एकदम नको. आणि एक दिवसाआड रक्त द्यायला आणा."

दुसऱ्या दिवशी उडदाची दाळ शिजली. चुलीपुढे मी किती वेळ चिमूट धरून बसले, देवाला माहीत. 'गजानना, हे पाप माझं. त्यांच्या नावावर मांडू नकोस, पोटातल्यावर तर नकोच नको,' म्हटलं आणि चिमूट सोडली.

आत्याबाई जेवल्या. त्यांना काही कळलं नाही. ज्या बाईला परसातल्या तुळशीचं पान चावून ऊन किती लागलं ते सांगता यायचं, तिला मीठ कळलं नाही. मी परसात जाऊन रडले.

पुढे रोज थोडं थोडं वाढवत गेले. आणि रोज पोटाकडे कान. बाळ हललं की हातातलं काम गळून पडायचं. एक दिवस सकाळपासून हालचालच नाही. दळण ठेवलं, आडवी झाले, देवाचं नाव घेत राहिले. 'घेतलंस का रे परत?' असं देवाला विचारायचीही भीती वाटत होती. उन्हं कलली तेव्हा बरगडीखाली एक बारीकशी लाथ बसली. यांना मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

इकडे आत्याबाई सावरत होत्या. आधी पाय थरथरायचे थांबले. मग म्हशीनं दूध कमी का दिलं, ते विचारलं. एका सकाळी यांच्याकडे बघून म्हणाल्या, "झुलाल, दाढी कर रे, भूतना सारखा दिसस." हे तसेच, दाढीचे खुंट घेऊन, गल्लीभर सांगत सुटले. रक्त द्यायला गेलो, तर डॉक्टर म्हणाले, "काटा वर येतोय."

मला आनंद व्हायचा, आणि तेवढीच धास्ती. आठवण परत येत होती, म्हणजे आखाजीच्या दिवसाची, व्रताची आठवणही येणार होती.

ती एका दुपारी जेवताना आली. त्यांनी भाकरीचा तुकडा दाळीत बुडवला, तोंडात घातला आणि चावायच्या थांबल्या.

"बेबा," त्या म्हणाल्या. किती आठवड्यांनी माझं नाव. "यामा मीठ शे."

मी खाली बघितलं.

"कितला दिन व्हयनात?"

"बरेच, आत्याबाई. तुम्ही आम्हाला ओळखत नव्हतात. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले... पाप मी माझ्या नावावर घेतलंय. तुमच्या नाही."

त्यांनी ताट बाजूला सारलं. हात धुतला, पदराला पुसला आणि माझ्या पोटावर ठेवला. काही हललं नाही. त्यांचा हात तसाच. भिंतीवरच्या पालीचा आवाज ऐकू येत होता. मग आतून एक धक्का आला, त्यांच्या तळव्याखालीच.

"हालस," त्या म्हणाल्या. परत थोडा वेळ गेला. "परत हालस."

ताट त्यांनी पुन्हा पुढे ओढलं. एक घास खाल्ला. तसबिरीकडे बघत, मला नव्हे, त्याला विचारल्यासारखं म्हणाल्या, "मीठना बदलामा गूळ सोडसू. चाली ना?" मग माझ्याकडे वळल्या. "तू देखत काय बसनी? धुळाले जाशी तवय त्या डॉक्टरले इचारी ये, गूळ सोडेल चालस का. आते इचारीनच सोडसू."

"विचारते, आत्याबाई."

"आनि हाई दाळ," त्यांनी वाटी माझ्यापुढे सरकवली, "टाकनंच शे तं बराबर टाक."

मी मिठाची बरणी घ्यायला उठले. एक हात पोटावर होता, तो मी काढला नाही.